तपकिरी पडलेली तिवरे आणि खरोखर मरणारी तिवरे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर सरत आला की खाडीकाठची तिवरे, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारी खारफुटीची झाडे, तपकिरी पडल्याचे फोटो फिरू लागतात. कधी ऐरोली, कधी वाशी, कधी विक्रोळी. जागा बदलते, मजकूर तोच असतो : 'कुणीतरी विष टाकले', 'रात्रीतून रसायन सोडले'. संशय अगदीच निराधार असतो असे नाही, कारण खाडीकाठच्या जमिनीवर डोळा असणारे कमी नाहीत. पण पावसाळ्याच्या शेवटी आठ-पंधरा दिवसांत पट्टाच्या पट्टा करपल्यासारखा दिसू लागला, तर बहुतेक वेळा ते एका अळीचे काम असते आणि ती झाडे महिना-दीड महिन्यात पुन्हा हिरवी होतात. तोवर बातमी विसरलेली असते. आणि त्याच पट्ट्याच्या मागे, रस्त्याच्या आतल्या अंगाला, पाणी अडल्यामुळे वर्ष-दोन वर्षे झिजत मरणारी तिवरे कुणाच्या फोटोत येत नाहीत. हे दोन प्रकार जागेवर दहा मिनिटांत वेगळे ओळखता येतात. ते कसे, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आधी अळी. ही मूळची सागाची अळी म्हणून वनखात्याला चांगली माहीत आहे; शास्त्रीय नाव हायब्लिया प्युएरा. सागाच्या लागवडीत पाऊस सुरू होताच कोवळी पाने फस्त करणारी ती हीच. साग आणि तिवर, एक डोंगरावरचे आणि एक चिखलातले, यांचा काय संबंध असे वाटेल. पण वनस्पतिशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत दोन्ही एकाच कुळात घातलेली होती. पुढे शास्त्रज्ञांनी त्यांना वेगळ्या कुळांत हलवले, अळीने मात्र आपली आवड बदललेली नाही. मादी पतंग कोवळ्या पानांवर एकेक करून अंडी घालते, एकूण पाचशेच्या आसपास. पावसाळ्यात तिवराला भरपूर नवी पालवी येते, त्यामुळे अळ्यांना ताट वाढून ठेवलेलेच असते. अंड्यापासून पतंग होईपर्यंत तीन ते चार आठवडे लागतात. त्यातले दहा-पंधरा दिवस अळी खात असते, आणि शेवटच्या तीन-चार दिवसांत सगळ्यात जास्त खाते. म्हणून कालपर्यंत हिरवे असलेले बन एकदम तपकिरी झाल्यासारखे वाटते.

ओळखायची कशी? फांदी खाली ओढून पान हातात घ्या. अळीने खाल्लेल्या पानाची मधली शीर आणि जाड उपशिरा शाबूत असतात, मधला गर गेलेला असतो, उरलेली जाळी वाळून तपकिरी होते. पानाची कड दुमडून रेशमाने चिकटवलेली दिसली तर ती उलगडून पाहा. आत काळपट, अंगावर उभे पट्टे असलेली, पूर्ण वाढलेली असेल तर साधारण चार सेंटीमीटर लांबीची अळी किंवा तपकिरी कोष मिळेल. झाडाला धक्का दिला की अळ्या तोंडातून धागा सोडत खाली लोंबकळतात. ओहोटीला चिखलावर, विशेषतः झाडाच्या बुंध्याशी, बाजरीच्या दाण्यांसारखी काळी लेंडी पसरलेली असते. पतंग बसलेला असताना राखाडी-तपकिरी आणि नजरेत न भरणारा. उडाला की मागच्या काळ्या पंखांवरचे नारिंगी-पिवळे ठिपके चमकतात.

यापेक्षाही सोपी खूण शेजारच्या झाडांत आहे. तिवर तपकिरी आणि त्याला खेटून उभी असलेली चिपी किंवा कांदळ (खारफुटीच्याच दुसऱ्या जाती) हिरवीगार असेल तर विषाची शक्यता बरीच कमी होते. चिखलात सोडलेले रसायन सहसा एकाच जातीपुरते थांबत नाही, अळी मात्र जात पाहूनच खाते. शेवटची परीक्षा नखाची. पेन्सिलीएवढ्या जाड डहाळीची साल नखाने खरवडा. आत ओलसर हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. तिवराच्या खोडावर आणि जाड फांद्यांवर झोपलेले डोळे असतात, पाने गेली की ते जागे होतात. तीन-चार आठवड्यांत कोवळे फुटवे दिसतात. कांदळाला ही सोय नाही. त्याची जाड फांदी छाटली तर तिथून पुन्हा फूट येत नाही. म्हणूनच विजेच्या तारांखाली किंवा पुलाच्या कडेला 'थोडीशी छाटणी' करण्याची परवानगी मागितली जाते तेव्हा झाड कोणते, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

फोटो पाहून काही सज्जन मंडळी फवारणीची मागणी करतात. कृपया नको. फवारणीच्या बाजारात सहज मिळणारी सायपरमेथ्रिनसारखी औषधे मासे आणि कवचधारी प्राण्यांना अतिशय घातक असतात. शेतात फवारलेले औषध निदान काही काळ शेतात राहते. इथे दिवसातून दोनदा पाणी येते आणि सगळे धुऊन खाडीत नेते. अळी मारायला निघालेला माणूस चिंबोरीची पिल्ले, कोळंबी आणि निवट्या (चिखलात उड्या मारणारे मासे) मारून येईल. शिवाय अळीचे शत्रू तिच्या मागोमाग येतातच : पक्षी, तिच्या अंगात अंडी घालणाऱ्या परजीवी माश्या, आणि फक्त याच अळीला होणारा एक विषाणूजन्य रोग. केरळच्या वन संशोधन संस्थेने सागाच्या लागवडीसाठी याच विषाणूचा वापर करून पाहिला आहे. रोगट अळी फांदीला उलटी लटकते आणि आतून पाझरून जाते. अशा लटकलेल्या अळ्या दिसू लागल्या की साथ उतरणीला लागली म्हणून समजावे. लेंडीतून आणि गळालेल्या पानांतून जे चिखलात पडते, तेही पुढे कुणीतरी खातेच.

आता जे झाड एवढे सोसते ते कशाने मरते, याकडे येऊ. त्यासाठी तिवर जगते कसे हे पाहावे लागेल, आणि ते पाहण्यासारखे आहे.

खाडीच्या चिखलात वरचे काही मिलिमीटर सोडले तर प्राणवायू जवळजवळ नसतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्यामुळेच. जमिनीखाली आडव्या पसरलेल्या मुळांना श्वास घेता यावा म्हणून तिवर त्या मुळांवरून पेन्सिलीसारखी उभी मुळे वर पाठवते, साधारण १० ते २० सेंटीमीटर उंचीची. एका मध्यम झाडाखाली ती हजारोंनी असतात. प्रत्येकाच्या सालीवर बारीक छिद्रे, आत स्पंजासारखी पोकळ ऊती. भरती आली की छिद्रे पाण्याखाली जातात. आतल्या हवेतला प्राणवायू मूळ वापरते, तयार होणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे आतला दाब कमी होतो. ओहोटीला पाणी उतरून छिद्रे उघडी पडली की बाहेरची हवा आपसूक आत ओढली जाते. म्हणजे झाडाचा श्वास भरती-ओहोटीच्या तालावर चालतो. पाणी येणे जितके गरजेचे, तितकेच ते वेळेवर उतरणेही गरजेचे.

मिठाचा हिशेबही याच तालावर आहे. तिवर पाणी शोषताना बहुतांश मीठ मुळाशीच अडवते, उरलेले पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकते. कोरड्या दिवशी पानाला जीभ लावली तर खारट लागते, कडक उन्हात मिठाचे कण डोळ्यांनाही दिसतात. समुद्राच्या दुप्पट खारट पाण्यातही तिवर तग धरते. पण दर काही दिवसांनी नवे पाणी येऊन साचलेले मीठ धुऊन गेले पाहिजे. नाहीतर एप्रिल-मेच्या उन्हात बाष्पीभवन होत होत चिखलातला खारटपणा तिवराच्याही आवाक्याबाहेर जातो.

या दोन्ही हिशेबांत बिघाड करायला कुऱ्हाड लागत नाही, एक भराव पुरतो. खाजणातून, म्हणजे खाडीलगतच्या सखल खारजमिनीतून, रस्ता जातो, पाइपलाइन जाते, पत्र्याचे कुंपण घालण्यासाठी मातीचा बांध पडतो. खाली मोरी ठेवलेली असते, कागदावर ती पुरेशीही असते. चूक होते ती दोन ठिकाणी. पहिली तळपातळीची. पाइप रस्त्याच्या सोयीने बसवला जातो, ओहोळाच्या तळाशी नाही. पाइपाचा तळ ओहोळाच्या तळापेक्षा अर्धा मीटर जरी वर राहिला तरी उधाणाचे (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीचे) पाणी आत शिरते आणि त्यातले अर्धा मीटर कधीच बाहेर पडत नाही. दुसरी चूक आकाराची. सोपे गणित करून पाहू. बांधाच्या आत १० हेक्टर तिवरे आहेत आणि उधाणाला तिथे ३० सेंटीमीटर पाणी चढते असे धरा. म्हणजे ३०,००० घनमीटर पाणी. ते पाच तासांत बाहेर जायचे तर सेकंदाला १.६७ घनमीटर गेले पाहिजे. ९०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपाचे तोंड ०.६४ चौरस मीटरचे. म्हणजे पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत पाइप तुडुंब भरून सेकंदाला २.६ मीटर वेगाने वाहायला हवा. तीस सेंटीमीटरच्या उंचीफरकाने पाण्याला आदर्श स्थितीतही २.४ मीटरच्या वर वेग मिळत नाही, आणि पाणी उतरेल तसा तोही घटत जातो. त्यात पाइप अर्धा गाळाने आणि प्लास्टिकने भरलेला. असे चार पाइप हवेत तिथे एक असतो, मग पाणी साचते यात नवल ते काय?

कोकणातल्या खारबंदिस्तीला (खारे पाणी अडवणाऱ्या बांधांना) आणि गोव्यातल्या खाजणांना हे गणित पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. उघाडी किंवा मानस, म्हणजे बांधातले पाण्याचे दार, बसवताना तिची जागा ओहोळाच्या सर्वांत खोल ठिकाणी धरतात, फळ्या भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला उघडतात. तिथे हेतू खारे पाणी बाहेर ठेवण्याचा असतो, तिवरांसाठी उलटे हवे, पण पाण्याची वाट तळाशी लागते हे तत्त्व तेच.

पाणी अडल्याने मरणारे बन कसे दिसते? पहिली गोष्ट, घाई नसते. पाने आधी लहान होतात, पिवळसर होतात, टोकाकडून सुकतात. शेंड्याच्या फांद्या आधी बोडक्या होतात, खालच्या नंतर. पान हातात घेतले तर ते पूर्ण असते, त्याची जाळी झालेली नसते. जात पाहून मरण येत नाही, तिवरासोबत चिपी आणि मारंडी (खाडीकाठचे एक काटेरी झुडूप) हीही जातात. खाली पाणी साचलेले असेल तर उभी मुळे शेवाळाने बुळबुळीत झालेली, काळी पडलेली असतात आणि बोटांत धरून दाबली तर साल सुटून येते. पाणी येणेच बंद झाले असेल तर जमीन भेगाळलेली आणि तिच्यावर मिठाचा पांढरा पापुद्रा असतो. भरावाची माती किंवा गाळ पसरून उभ्या मुळांची टोकेच बुजली असतील तर तेही लगेच दिसते : झाडाखालची ती टोके गायब आणि चिखल सपाट, गुळगुळीत. डहाळीची साल खरवडली तर आत तपकिरी कोरडे निघते. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा जाऊन पाहिले तरी फुटवा नसतो.

पडताळायला यंत्र लागत नाही. मोरीच्या दोन्ही बाजूंना एकेक बांबू रोवा, त्यांच्यावर दर १० सेंटीमीटरला रंगाची खूण करा. दोन्ही खुणांचे शून्य एकाच पातळीवर आणायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत, भरतीच्या आधी तासभर जाऊन दर अर्ध्या तासाला दोन्हीकडची पातळी लिहून घ्या, ओहोटी पूर्ण होईपर्यंत. भरतीला बाहेरची पातळी वर आणि आतली बरीच खाली राहिली तर मोरी लहान आहे. ओहोटीला बाहेर चिखल उघडा पडला आणि आतले पाणी एका खुणेवर थांबून राहिले तर ती खूण म्हणजेच मोरीच्या तळाची पातळी. त्या कागदावर तारीख, वेळ आणि दोन फोटो जोडले की तक्रारीला वजन येते. तोडलेल्या खोडाचा पंचनामा करता येतो, अडवलेल्या पाण्याचा असा करावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यालाही संरक्षण दिले आहे. भराव त्या पट्ट्यात पडला असेल तर अंतर मोजून तेही लिहा.

इथे थोडे विषयांतर. सरकारी भाषेत सरसकट 'कांदळवन' म्हणतात, पण ठाणे खाडीकाठी जी झाडी दिसते ती मुख्यतः तिवरांची आहे. कांदळ म्हणजे जमिनीपासून कमानीसारखी आधारमुळे सोडणारे झाड. राज्याने २०२० मध्ये पांढऱ्या चिपीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला, ती तिसरीच. तिची पांढरी, तुऱ्यासारखी फुले एका रात्रीपुरती उमलतात आणि वटवाघळे-पतंग त्यांचे परागण करतात. नावांचा हा घोळ कागदापुरता राहिला असता तर तक्रार नव्हती. पण तो रोपवनात उतरतो.

कुठेतरी तिवरे मेली की भरपाई म्हणून लागवड होते आणि ती बहुधा कांदळाची असते. कारण उघड आहे. कांदळाच्या फळाला झाडावरच मोड येतो, हातभर लांबीची हिरवी शेंग तयार मिळते, मीटरभर अंतरावर चिखलात खुपसली की काम झाले. दिवसाला शेकडो लावता येतात आणि फोटोत रांगा छान दिसतात. लावायची जागाही सोयीची निवडतात : मोकळी, कुणाच्या मालकीची नसलेली, म्हणजे झाडीच्या पुढचे चिखलाचे मैदान. तिथे खारफुटी मुळात नाही, कारण ती जागा भरती-ओहोटीच्या मधल्या पातळीच्या खाली आहे. रोपटे दिवसातला बराच वेळ बुडालेले राहते, खोडावर बार्नेकलचे (चिकटून राहणाऱ्या कवचधारी जिवांचे) थर चढतात, लाटेने वाकते, प्लास्टिक अडकून उपटते. आणि चुकून जगलेच तर त्याहून वाईट, कारण हेच चिखलमैदान रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे ताट आहे. २०१५ मध्ये ठाणे खाडीच्या १,६९० हेक्टरवर फ्लेमिंगो अभयारण्य झाले, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाला. त्यात तिवरे हवीत तसे उघडे चिखलही हवेत. एकाचे क्षेत्र वाढवण्यासाठी दुसऱ्याचे खाणे ही भरपाई नव्हे.

तिवराला लागवडीची गरज क्वचितच असते. त्याचे बी झाडावर असतानाच सालीच्या आत अंकुरते. पावसाळ्यात गळून पाण्यावर तरंगते, साल टाकते आणि जिथे टेकेल तिथे मुळे सोडते. मात्र मुळांची पकड बसायला चार-सहा दिवस पाण्याच्या ओढीपासून उसंत लागते. ती उसंत चंद्र देतो. मुंबई बंदरात उधाणाला भरती साडेचार मीटरच्या वर जाते, भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला) ती त्याहून मीटरभर खाली राहते. उधाणाच्या भरतीने उंचावर नेऊन टाकलेले बी पुढच्या भांगाच्या दिवसांत कोरड्यावर राहते, तेवढ्यात रुजते, आणि पुढचे उधाण येईपर्यंत उभे असते. म्हणून बांध फोडून ओहोळ मोकळा केला, जमिनीची पातळी शेजारच्या जिवंत तिवरांच्या पातळीइतकी आहे ना एवढे पाहिले, तर बी आपले आपण येते. पातळी भरावाने वर गेली असेल तर ती माती काढावी लागेल. त्याला खर्च आहे, पण रोपांच्या रांगांवर दर वर्षी होणारा खर्चही काही कमी नाही. दोन पावसाळ्यांनंतरही एक रोप उगवले नाही तर बी तिथवर पोहोचत नाही किंवा पाणी अजून अडते आहे. दोन्हीचे उत्तर पुन्हा मोरीपाशीच शोधावे लागते.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. तपकिरी तिवरांचा फोटो आला तर छापण्याआधी तीन गोष्टी मागवाव्यात : एका पानाचा जवळून काढलेला फोटो, शेजारच्या दुसऱ्या जातीच्या झाडाचा फोटो, आणि ओहोटीच्या वेळी झाडाखालच्या जमिनीचा फोटो. पान जाळीदार, शेजारी हिरवे आणि जमीन उघडी असेल तर बातमी अळीची आहे, ती तशी द्यावी. पान अख्खे, शेजारीही पिवळे आणि ओहोटीला खाली पाणी उभे असेल तर मात्र फोटो पहिल्या पानावर यावा आणि त्याच्याशेजारी मोरीचाही फोटो असावा, तिच्या तोंडाशी उभ्या धरलेल्या मोजपट्टीसह.

आपले,
खाडीकाठचे दोन वाचक, ठाणे